शिक्षण खाते गेले तर आयईपीचे काय?

वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील बदलते शिक्षण कायदे आणि विशेष मुले

अमेरिकेतील विशेष शिक्षणाच्या मूळ कायद्याला २९ नोव्हेंबर २०२५ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. पण सुवर्णमहोत्सवाच्या त्याच वर्षी हा कायदा राबवणारे संघीय शिक्षण खाते मोडीत काढण्याचा आदेश निघाला. त्यामुळे या सदराकडे आलेल्या पत्रांत आनंदाचे पत्र एकही नाही. सगळी काळजीची आहेत. त्यांतली पाच येथे निवडली आहेत, आणि नेहमीप्रमाणे नावे दिलेली नाहीत. मी विशेष शिक्षिका आहे, वकील नाही. ज्यांचे प्रकरण सुनावणीपर्यंत पोहोचले आहे त्यांनी या उत्तरांवर विसंबून न राहता वकिलाचा सल्ला घ्यावा.

*प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून स्वमग्न आहे. तो सरकारी शाळेत चौथीत शिकतो. नेहमीच्या वर्गात त्याच्यासोबत एक एड (मदतनीस) असते, शिवाय आठवड्यातून तीनदा स्पीच थेरपी आणि दोनदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) मिळते. वॉशिंग्टनचे शिक्षण खातेच बंद होणार असे ऐकल्यापासून आम्हा दोघांना धड झोप नाही. परवा एका कार्यक्रमात कुणी तरी छातीठोकपणे सांगितले की खाते गेले की आयईपीही गेला. हे खरे आहे का? — एक आई, एडिसन, न्यू जर्सी*

उत्तर : नाही, हे खरे नाही. मात्र जे खरे आहे तेही सगळेच दिलासा देणारे नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्या मुलाचा आयईपी, म्हणजे त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, हा खात्याने दिलेला नाही. तो कायद्याने दिलेला आहे. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी १९७५ मध्ये ज्या कायद्यावर सही केली, त्यालाच १९९० पासून 'इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन ॲक्ट', थोडक्यात 'आयडिया', असे म्हणतात. योगायोगाने स्वमग्नता हा स्वतंत्र प्रकार म्हणून कायद्यात आला तोही त्याच १९९० च्या दुरुस्तीने. शिक्षण खाते स्थापन करणारा कायदा १९७९ चा, आणि खात्याचे काम सुरू झाले १९८० मध्ये. म्हणजे वयाने कायदा थोरला आणि खाते धाकटे आहे. मधली काही वर्षे हा कायदा आरोग्य, शिक्षण आणि कल्याण अशा एकत्रित खात्याकडून राबवला गेला होता. विनामूल्य आणि योग्य शिक्षण, पालकांच्या संमतीने होणारी तपासणी, शक्य तितके इतर मुलांच्या बरोबरीने शिकण्याची संधी, सेवेत बदल करण्यापूर्वी पालकांना लेखी सूचना, आणि वाद सुरू असेपर्यंत चालू सेवा तशाच ठेवण्याचे बंधन, हे सारे त्या कायद्यात आहे आणि ते रद्द करायचे तर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी नवा कायदा संमत करावा लागतो. शिवाय तुमचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, न्यू जर्सी राज्याच्या स्वतःच्या विशेष शिक्षण नियमांनीही बांधलेला आहे, आणि ते नियम वॉशिंग्टनमधून कुणाला पुसता येत नाहीत.

आता दुसरी बाजू. मार्च २०२५ मध्ये खात्याने आपले सुमारे निम्मे कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर काही दिवसांतच, २० मार्चला, खाते बंद करण्याच्या दिशेने पावले टाकण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. शाळांतील भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या नागरी हक्क कार्यालयाच्या बारा प्रादेशिक शाखांपैकी सात बंद झाल्या, आणि त्यांत न्यूयॉर्क, डॅलस व सॅन फ्रान्सिस्को या शाखा आहेत, म्हणजे आपली मराठी वस्ती जिथे दाट आहे नेमके तेच भाग त्यांच्याकडे होते. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खालच्या न्यायालयात खटला चालू असतानाच, ही कपात करण्यास मोकळीक दिली. ऑक्टोबरच्या शटडाऊनमध्ये, म्हणजे निधीअभावी सरकारी कामकाज थांबले तेव्हा, तर आयडियाची देखरेख करणाऱ्या विशेष शिक्षण कार्यालयातील बहुतेकांच्या हातात नोकरी गेल्याच्या नोटिसा पडल्या. नोव्हेंबरमध्ये सरकार पुन्हा सुरू करणाऱ्या कायद्याने त्या मागे घ्यायला लावल्या, पण केवळ जानेवारी २०२६ अखेरपर्यंतची हमी देऊन. विशेष शिक्षणाचे काम आरोग्य खात्याकडे सोपवण्याची भाषाही झाली. आम्हा शिक्षकांना त्यातली खटकणारी गोष्ट अशी की, अपंगत्वाकडे शिकण्याचा प्रश्न म्हणून पाहण्याची सवय लागायला इतकी वर्षे गेली, आणि आता पुन्हा ते आजाराच्या कपाटात जाते की काय.

कायदा शाबूत असताना देखरेख ढिली झाली तर काय होते, हे जाणून घ्यायला फार लांब जायला नको, टेक्सासचे उदाहरण पुरेसे आहे. त्या राज्याच्या शिक्षण यंत्रणेने २००४ मध्ये डिस्ट्रिक्टांच्या मूल्यमापनात एक आकडा घातला : एकूण विद्यार्थ्यांपैकी साडेआठ टक्क्यांहून अधिक मुले विशेष शिक्षणात असतील तर त्या डिस्ट्रिक्टचे गुण कमी. 'मुलांना नाकारा' असे कुठेही लिहिलेले नव्हते. तरीही आधी बारा टक्क्यांच्या आसपास असलेले राज्याचे प्रमाण घसरत घसरत बरोबर साडेआठवर येऊन थांबले, आणि या प्रवासात ज्या हजारो मुलांची तपासणीच झाली नाही त्यांच्या पालकांना शाळेने सांगितले ते एवढेच की अजून थोडी वाट पाहू. आयडिया तेव्हाही शब्दशः लागू होती. २०१६ मध्ये 'ह्यूस्टन क्रॉनिकल' या वृत्तपत्राने हे उघडकीस आणले, संघीय खात्याने स्वतः टेक्सासमध्ये जाऊन पालकांची गाऱ्हाणी ऐकली, २०१७ मध्ये राज्याने असा आकडा घालण्यास कायद्यानेच बंदी केली, आणि जानेवारी २०१८ मध्ये टेक्सासने आयडियाचा भंग केल्याचा लेखी निष्कर्ष खात्याने दिला. तेव्हा तिथे जाऊन ऐकणारी माणसे होती. माझी काळजी आहे ती एवढ्यापुरतीच.

मग तुम्ही काय करावे? सुदैवाने आयडियाखालच्या बहुतेक तक्रारींचा रस्ता मुळात वॉशिंग्टनला जातच नाही. आयईपीत लिहिलेली स्पीच थेरपी मिळत नसेल, तर त्या घटनेपासून एका वर्षाच्या आत राज्याच्या शिक्षण खात्याकडे लेखी तक्रार करता येते, तिला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि साठ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आयईपीच पुरेसा नाही असे तुमचे म्हणणे असेल तर मध्यस्थी किंवा ड्यू प्रोसेस सुनावणी (तटस्थ अधिकाऱ्यासमोरची सुनावणी) मागता येते. येथे न्यू जर्सीच्या पालकांना एक फायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सिद्धतेचा भार दाद मागणाऱ्यावर, म्हणजे बहुधा पालकांवर, टाकला होता. न्यू जर्सीने स्वतःचा कायदा करून तो परत डिस्ट्रिक्टवर ठेवला. आणि ज्या वर्षी खाते आक्रसले त्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, मिनेसोटातील अपस्माराच्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की, शाळेने भेदभाव केला असे म्हणणाऱ्या अपंग विद्यार्थ्याला इतर अपंग व्यक्तींपेक्षा अधिक कठोर निकष लावता येणार नाही.

एक सवय मात्र आजपासून लावून घ्या. चाइल्ड स्टडी टीमशी (शाळेतल्या विशेष शिक्षणाच्या गटाशी) फोनवर किंवा शाळेच्या दारात झालेले बोलणे त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या ईमेलने पक्के करा. मिळालेल्या आणि बुडालेल्या प्रत्येक सत्राची तारीख वहीत टिपून ठेवा. आपल्याकडे शिक्षिकेला असे लेखी विचारणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे, असा एक संकोच असतो. मी टेबलाच्या त्या बाजूला बसते म्हणून सांगते, आम्हाला त्यात काही वाटत नाही. उलट, जास्त वेळ मागायला आम्ही मुख्याध्यापकांकडे जातो तेव्हा पालकांचा तो ईमेल आमच्याच कामी येतो.

*प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी आहे. सरकारी शाळेची गती आम्हाला पुरेशी वाटत नाही. टेक्सासमध्ये आता खासगी शाळेसाठी राज्य सरकार पैसे देणार आहे आणि अपंग मुलांना ही रक्कम ३०,००० डॉलरपर्यंत मिळू शकते असे कळते. मग सरकारी शाळेतच का राहावे? — एक वडील, प्लॅनो, टेक्सास*

उत्तर : राहावे की जावे हे तुम्ही ठरवायचे, जाताना कशावर सही करत आहात हे सांगणे माझे काम.

मे २०२५ मध्ये टेक्सासने शिक्षण बचत खात्यांचा कायदा केला, त्यासाठी पहिल्या टप्प्यात एक अब्ज डॉलर ठेवले, आणि २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून योजना सुरू होईल असे ठरवले. अपंग मुलांसाठी तुम्ही म्हणता ती कमाल मर्यादा खरी आहे, पण ती कमाल आहे. प्रत्यक्ष रक्कम सरकारी शाळेने केलेल्या आयईपीवरून ठरते. म्हणजे सरकारी शाळा सोडायची असली तरी तिच्याकडून आधी तपासणी आणि आराखडा करून घ्यावाच लागेल. तुमचा मुलगा सध्या केवळ ५०४ प्लॅनवर, म्हणजे विशेष शिक्षणाविना सवलती देणाऱ्या आराखड्यावर, असेल तर हे अधिकच महत्त्वाचे. टेक्सासमध्ये डिस्लेक्सियाच्या मुलांना वर्षानुवर्षे विशेष शिक्षणाऐवजी ५०४ खालीच ठेवण्याची प्रथा होती. २०२३ च्या राज्य कायद्याने ती बदलली आहे. तेव्हा पूर्ण तपासणीची मागणी लेखी करा आणि एआरडी मीटिंगमध्ये (टेक्सासमध्ये आयईपीच्या बैठकीला असे म्हणतात) ती नोंदवून घ्या.

आता मुख्य मुद्दा. पालकांनी आपल्या मर्जीने मूल खासगी शाळेत घातले की आयडियाने दिलेला वैयक्तिक हक्क त्याच्याबरोबर जात नाही. डिस्ट्रिक्ट आपल्या संघीय निधीतला एक वाटा खासगी शाळांतील अपंग मुलांसाठी खर्च करतो, परंतु त्यातून अमुक मुलाला अमुक तास मिळालेच पाहिजेत असे म्हणता येत नाही. खासगी शाळेला आयईपी पाळण्याचे बंधन नाही. प्रवेश द्यायलाही ती बांधील नाही. वर्षाच्या मध्यात 'तुमच्या मुलाला आमच्याकडे जमत नाही' असे ती म्हणाली, तर सरकारी शाळेत मिळणारी 'वाद संपेपर्यंत जागा हलणार नाही' ही तरतूद तिथे तुमच्या मदतीला येणार नाही. एखाद्या दुकानातून वस्तू आवडली नाही म्हणून परत करावी तसे हे सोपे नसते, कारण सरकारी शाळेत परतल्यावर तपासणीपासून सगळे पुन्हा सुरू करावे लागण्याची शक्यता असते आणि सात ते नऊ ही वाचन पक्के होण्याची वर्षे तोवर निघून जातात.

पुष्कळ पालक येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. सरकारी शाळा योग्य शिक्षण देऊ शकली नाही म्हणून पालकांनी मूल खासगी शाळेत घातले, तर त्याचा खर्च डिस्ट्रिक्टकडून वसूल करण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १९८५ पासून मान्य केलेला आहे. कोलोरॅडोतील 'एंड्र्यू एफ.' खटला याच मार्गाने उभा राहिला, आणि २०१७ मध्ये त्यात आठही न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की नावापुरती प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीत शक्य असलेली प्रगती साधेल असा आराखडा शाळेने दिला पाहिजे. त्या मार्गावर हक्क सोडावा लागत नाही. उलट हक्क मोडला म्हणूनच पैसे मागितले जातात. अर्थात तो मार्ग लांबचा आहे, त्यात मूल काढण्याआधी डिस्ट्रिक्टला लेखी सूचना द्यावी लागते, आणि निकालाची खात्री नसते.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर, डिस्लेक्सियासाठीच चालवलेली, प्रशिक्षित शिक्षक असलेली चांगली शाळा जवळ असेल आणि ती मुलाला पाहून मग प्रवेश देत असेल, तर या पैशाचा उपयोग जरूर करावा. नुसता गणवेश नीटनेटका आहे आणि वर्ग छोटे आहेत एवढ्यावर करू नये. जुलै २०२५ च्या संघीय करकायद्यात खासगी शाळांच्या शिष्यवृत्त्यांना देणगी देणाऱ्यांसाठी १,७०० डॉलरपर्यंतची करसवलत २०२७ पासून आहे, त्यामुळे हा प्रश्न टेक्सासपुरता राहणार नाही.

*प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे; तिला डाऊन सिंड्रोम आहे. ती वाचते, थोडे हळू वाचते. शाळा म्हणते की राज्याच्या परीक्षेऐवजी तिला पर्यायी परीक्षा द्यावी, म्हणजे तिला ताण येणार नाही. कागद समोर ठेवला आहे. सही करू का? — एक आई, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया*

उत्तर : आज करू नका. आधी तीन गोष्टी विचारा, पण त्या का विचारायच्या हे कळण्यासाठी थोडा इतिहास सांगते.

या देशात शाळांना परीक्षेच्या निकालासाठी जबाबदार धरणारा कायदा आणि अपंग मुलांना हक्क देणारा कायदा हे दोन वेगळे कायदे आहेत. पहिल्याचे मूळ १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यात. जानेवारी २००२ मध्ये धाकट्या बुश यांनी त्याला 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हे रूप दिले आणि डिसेंबर २०१५ मध्ये ओबामा यांनी त्या जागी 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट', बोलीभाषेत 'एस्सा', आणला. अपंग मुलांना राज्याच्या परीक्षांत सामील करून घेण्याची सक्ती तशी आयडियाच्या १९९७ च्या दुरुस्तीनेच झाली होती, पण तिला दात आले २००२ मध्ये. तिसरी ते आठवी दर वर्षी आणि हायस्कुलात एकदा परीक्षा, निदान ९५ टक्के हजेरी, आणि अपंग मुलांचा निकाल वेगळा जाहीर करणे बंधनकारक. त्या एका गटाचा निकाल कमी लागला तरी सगळ्या शाळेवर शिक्का.

मी तेव्हा नवखी होते. एका शाळेच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने मला सरळ ऐकवले होते की तुमच्या मुलांमुळे आमची शाळा नापास झाली. ते शब्द बोचले, आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण झाली पाहिजेत हे त्या कायद्याचे उद्दिष्टही हास्यास्पदच होते. पण त्याच वर्षी प्रथमच मुख्याध्यापक माझ्या वर्गात येऊन बसले आणि या मुलांना अपूर्णांक कोण शिकवते असे त्यांनी विचारले. त्याआधी तो प्रश्न कुणालाच पडला नव्हता. या कायद्याबद्दल माझे मन आजही दोन्हीकडे ओढते ते यामुळे.

या दडपणातून सुटण्याची एक फट म्हणजे पर्यायी परीक्षा. ती तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहे, तिचा अभ्यासक्रम साधा आणि निकष वेगळे असतात, आणि त्या मुलांसाठी ती अत्यंत योग्य आहे. परंतु निकाल सुधारण्यासाठी इतर मुलेही तिकडे ढकलली जाऊ लागली, म्हणून एस्साने बंधन घातले की एखाद्या विषयात परीक्षा देणाऱ्या राज्यातील एकूण विद्यार्थ्यांपैकी एक टक्क्याहून अधिक मुलांना पर्यायी परीक्षा देता येणार नाही. त्याच कायद्यानुसार, या निवडीचा पुढे नियमित डिप्लोमावर (हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावर) काय परिणाम होऊ शकतो हे पालकांना आधीच स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे, आणि पर्यायी परीक्षा दिली म्हणून मुलाला नियमित डिप्लोमाचा प्रयत्न करण्यापासून रोखताही येत नाही. कागदावर रोखता येत नाही. पण तिसरीपासून साधा अभ्यासक्रम शिकलेली मुलगी नववीत बीजगणिताला कशी सामोरी जाणार, हा व्यवहाराचा प्रश्न उरतोच.

म्हणून विचारायचे ते हे. माझ्या मुलीला तीव्र बौद्धिक अक्षमता आहे असे तुम्ही कोणत्या चाचणीच्या, कोणत्या तारखेच्या अहवालावरून म्हणता? डाऊन सिंड्रोम हे निदान त्याला पुरेसे उत्तर नाही. अपंगत्वाच्या केवळ प्रकारावरून हा निर्णय करता येत नाही असे नियम सांगतात. दुसरे, नियमित परीक्षा जादा वेळ, वेगळी खोली, प्रश्न वाचून दाखवणे अशा सवलतींसह देऊन पाहिली का, आणि नसेल तर का नाही? तिसरे, हा पर्याय घेतला तर तिच्या दिवसातले किती तास नेहमीच्या वर्गाबाहेर जातील? ताण येईल हे कारण आयईपीत नमूद करून मागा. 'ताण' असे लिहायला शाळा बहुधा कचरेल, कारण ते कायद्यातले कारण नाही.

नाण्याची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. आयडियाच्या २००४ च्या दुरुस्तीने आयईपीतून छोट्या टप्प्यांची उद्दिष्टे काढून टाकली, ती फक्त पर्यायी परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी शिल्लक ठेवली. तसेच पर्यायी डिप्लोमा मिळाला तरी शिक्षणाचा हक्क तिथे संपत नाही, नियमित डिप्लोमाने मात्र संपतो. पुढे कधी तुमच्या मुलीसाठी हाच मार्ग बरा ठरू शकेल. हा निर्णय दर वर्षी नव्याने होतो. ती वाचते आहे आणि तिसरीत आहे, एवढ्या माहितीवर तो यंदा घेण्याचे कारण मला दिसत नाही.

*प्रश्न : आम्ही पुण्याहून नुकतेच आलो, एच-१बी व्हिसा आहे. मुलगा पाच वर्षांचा असून उशिरा बोलू लागला. शाळेत त्याची तपासणी इंग्रजीत झाली. घरी मराठी बंद करा असा सल्लाही मिळाला. शिवाय विशेष शिक्षण घेतले तर ग्रीन कार्डाला अडचण येते असे मित्र सांगतात. — एक पालक, नेपरव्हिल, इलिनॉय*

उत्तर : मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलणे मागे पडते याला संशोधनाचा आधार नाही, आणि आजीशी फोनवर बोलायची भाषा काढून घेतल्याने मुलाचा बोलण्याचा सरावच निम्मा होतो. तपासणीबाबत आयडियाचे म्हणणे स्पष्ट आहे : ती मुलाच्या मातृभाषेत, किंवा त्याला काय येते हे अचूक कळेल अशा रीतीने व्हायला हवी, अगदीच अशक्य असेल तरच अपवाद. इंग्रजी कमी येते या कारणावरून मूल अपंग ठरवताही येत नाही. मराठीतल्या प्रमाणित चाचण्या शाळेकडे बहुधा नसतील, पण दुभाषा आणि मराठीतून घेतलेला भाषेचा नमुना तुम्ही मागू शकता. आयईपीच्या बैठकीत तुम्हाला स्वतःला समजावे म्हणून दुभाषा देणे हेही शाळेचे काम आहे. अहवाल पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने स्वतंत्र तपासणी मागता येते. ती नाकारायची तर डिस्ट्रिक्टला स्वतःहून सुनावणीत जावे लागते.

व्हिसाचे सांगायचे तर, सरकारी शाळेचे दार मुलाच्या इमिग्रेशनच्या कागदांवर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितले. शाळेतले विशेष शिक्षण हे 'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून असलेली व्यक्ती, ठरवताना धरले जात नाही. २०१९ च्या कडक नियमातसुद्धा आयडियाखाली मिळणाऱ्या सेवा मुद्दाम वगळलेल्या होत्या. रोख आर्थिक मदतीचे नियम वेगळे आहेत, तिचा अर्ज करण्याआधी मात्र इमिग्रेशन वकिलाला विचारा.

*प्रश्न : माझा नातू डॅलसला आहे, वय अकरा, स्वमग्न. तिकडची बातमी वाचून मुलगा म्हणतो की आता परतच येतो. श्रीमंत देशाला या लेकरांसाठी पैसे कमी पडतात हे काही पटत नाही. आणि इकडे आल्यास नातवाला काय मिळेल? — एक आजोबा, सांगली*

उत्तर : काका, पैशाचे दुखणे जुनेच आहे. मूळ कायद्यात असे ठरले होते की विशेष शिक्षणाच्या वाढीव खर्चापोटी संघीय सरकार देशातील दर विद्यार्थ्यामागील सरासरी शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलेल. फोर्ड यांनी सही करतानाच बजावले होते की हे विधेयक सरकारला झेपणार नाही इतके वचन देते. ते वचन एकाही वर्षी पूर्ण झाले नाही. अलीकडे वाटा १५ टक्क्यांच्याही खाली आहे, आणि उरलेला भार राज्ये व गावोगावचे मालमत्ता कर सोसतात. आज पंचाहत्तर लाखांहून अधिक मुले या कायद्याखाली शिकतात. २०२५ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात रक्कम फारशी घटवलेली नव्हती, पण पालक-प्रशिक्षण केंद्रांसारखे छोटे निधी एकाच गाठोड्यात बांधण्याची कल्पना होती. मला मोठ्या कपातीपेक्षा हीच जास्त डाचते, कारण गाठोडे सोडणारा आधी मोठ्या वस्तू उचलतो.

परत येण्याबद्दल सांगायचे तर, भारतात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यात स्वमग्नतेसह २१ प्रकार आहेत, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या किंवा विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाणही सांगितले. फरक आहे तो असा की आठवड्याला किती वेळ, कोण आणि काय शिकवेल हे शाळेवर बंधनकारक करणारा आयईपीसारखा कागद आपल्या कायद्यात नाही. दाद मागायची तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जाता येते. शहरातल्या काही शाळा उत्तम काम करतात. पण ते त्या शाळेच्या माणसांवर अवलंबून असते.

बातम्यांच्या भीतीने परतू नये असे मी आपल्या चिरंजीवांना सांगेन. आपल्या माणसांत वाढावे म्हणून परतायचे असेल तर गोष्ट वेगळी. नातू अकरा वर्षांचा आहे. टेक्सासमध्ये चौदाव्या वर्षापासून शाळेनंतरच्या आयुष्याची आखणी आयईपीत सुरू होते, आणि ती सुरू झाल्यावर मध्येच उठून येणे मुलाला फार जड जाते; म्हणजे ठरवायला दोन-तीन वर्षे हाताशी आहेत. परतायचे ठरलेच तर निघण्याआधी मागील सगळे आयईपी, मूळ निदानाचा अहवाल, दर तीन वर्षांनी होणारी शाळेची तपासणी आणि प्रगतीच्या नोंदी यांच्या प्रती शाळेकडून लेखी मागून घ्याव्यात. सांगलीत त्यांना कायद्याचे बळ नसेल, पण जिल्हा रुग्णालयात यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) आणि नव्या शाळेच्या शिक्षिकेसमोर बसाल तेव्हा त्या फाईलचा उपयोग होईल. मूळ अहवाल मात्र कुणाला देऊ नका, झेरॉक्सच द्या.